शटरच्या जुन्या टीव्हीत ‘लाल पारा’ नसतो. आमचे ४७ हजार गेले, तुमचे जाऊ देऊ नका

तुमच्या घरी लाकडी शटरचा जुना टीव्ही अजून चालू असेल आणि कोणी आत ‘लाल पारा’ नावाचा फार महाग पदार्थ आहे म्हणून तो लाखो रुपयांना मागायला आला, तर त्याला ओसरीवरही बसवू नका. आमच्याकडे असे दोघं आले होते. तीन आठवड्यांत ४७ हजार रुपये घेऊन गेले आणि जाताना बाबांचा चालता टीव्ही कायमचा बंद करून गेले.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. टीव्ही १९८७ चा, वीस इंची, ब्लॅक अँड व्हाइट. त्या सालच्या कापसाच्या चुकाऱ्यातून बाबांनी तो यवतमाळहून आणला होता; फाट्यापर्यंत एसटीनं आणि तिथून बंडीत गादीवर ठेवून. अँटेनावरचं दूरदर्शन बंद झालं तेव्हा सगळे म्हणाले, आता द्या भंगारात. पण तालुक्याच्या मेकॅनिकनं फ्री डिशच्या बॉक्सला एक छोटा मॉड्युलेटर, म्हणजे बॉक्सचं चित्र जुन्या टीव्हीच्या अँटेनाच्या जागेतून देणारा डबा, जोडून दिला आणि टीव्ही पुन्हा लागला. रोज संध्याकाळी बाबा दोन्ही हातांनी शटर सरकवत, सह्याद्रीवरच्या बातम्या पाहत, मग शटर लावून वर आईनं विणलेला रुमाल टाकत. माझ्या मुलांच्या खोलीत एलईडी आहे. बाबा तिकडं कधी बसले नाहीत.

जानेवारीचा महिना होता. कापूस विकून झाला होता, घरात पैसा होता. त्यांना ही वेळ ठाऊक होती असं आता माझं पक्कं मत आहे. मोटारसायकलवर दोघं आले, आधी ‘जुनं भंगार’ म्हणून गावात फिरले, नंतर नेमके आमच्या दारात थांबले. टीव्ही चालू होता. त्यातला मोठा म्हणाला, “काकाजी, हा विकू नका कोणाले. असा टीव्ही लाखात एक हाय.”

मग त्यानं खिशातून टेस्टर काढला, आपल्या सगळ्यांच्या घरी असतो तोच, मिस्त्री वापरतात तो. टीव्हीच्या मागच्या झाकणाच्या जाळीजवळ नेला. कुठंही टेकवला नाही, बोटभर लांबच धरला, तरी आतला दिवा नारिंगी पेटला. लांब नेला की विझे, जवळ आणला की पेटे. “पाहा दादा, जिता माल हाय आत. लाल पारा. बंद टीव्हीत मेलेला असते, म्हणून आम्ही चालूच घेतो.” त्यानंतर झाकणाच्या फटीतून बॅटरी मारून पिक्चर ट्यूबची मान, म्हणजे मागचा निमुळता भाग, दाखवली. आत काचेला खरंच चांदीसारखा चकचकीत थर होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मोबाइलवर व्हिडिओही दाखवले: लसूण जवळ नेला की लाल थेंब पळतो, आरशात तो दिसत नाही, असले.

भाव नऊ लाख ठरला. बाबा तेवढंच म्हणाले, “चालत्या टीव्हीले हात कायले लावता?” मी ऐकलं नाही. लेकीच्या कॉलेजची फी, विहिरीचं राहिलेलं बांधकाम, सोसायटीचं कर्ज, सगळं माझ्या डोळ्यासमोर आलं. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला नऊ लाख कसे ऐकू येतात, हे कास्तकाराला वेगळं सांगायला नको.

पहिले १५ हजार ‘लॅब टेस्ट’चे, रोख. आठ दिवसांनी फोन आला की नागपूरची पार्टी तयार आहे, पण माल काढायला खास ड्रेस आणि केमिकल लागतं, त्याचे २२ हजार. ते मी मोबाइलवरून पाठवले. शेवटचे १० हजार ‘अणुऊर्जा खात्याच्या परवानगी’चे. दर वेळी हेच बोलणं, की हे पैसे नऊ लाखांत धरून परत मिळतील. आणि दर वेळी एकच अट: गावात कोणाला सांगू नका, नाहीतर पोलिस माल जप्त करतील. त्या अटीमुळंच मी ना मेकॅनिकला विचारलं, ना भावाला.

तिसऱ्या आठवड्यात ते व्हॅन घेऊन आले. हातमोजे, तोंडाला कपडा. किरणं लागतात म्हणून आम्हाला अंगणात उभं केलं. आतून आधी ‘टच्च’ असा आवाज आला, मग ‘फुस्स’ करून लांब हवा ओढल्यासारखा. बाबा कडुलिंबाखाली बसले होते, ते उठून उभे राहिले. डबा सीलबंद करून, शिक्का मारलेली एक पावती देऊन ते गेले. संध्याकाळपर्यंत रक्कम खात्यात येणार होती. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

पाचव्या दिवशी मेकॅनिकला घरी बोलावलं. त्यानं टीव्ही उघडला आणि कितीतरी वेळ काही बोलला नाही. मग एकेक समजावून सांगितलं. ते मी इथं मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण ते आधी माहीत असतं तर मी फसलो नसतो.

पिक्चर ट्यूबला दहा-पंधरा हजार व्होल्ट लागतात. ते आतला एक ट्रान्सफॉर्मर तयार करतो. टीव्ही चालू असताना त्याच्या आजूबाजूला एवढा विजेचा ताण असतो की टेस्टरमधला निऑनचा दिवा न टेकवताही पेटतो. अशा कोणत्याही चालू टीव्हीच्या मागं पेटेल. बंद टीव्हीत पेटणार नाही, म्हणून त्यांना चालूच हवा होता. मानेतला चांदीसारखा थर पाऱ्याचा नसतो, बेरियम धातूचा असतो. ट्यूबच्या आत हवा अजिबात चालत नाही; उरलीसुरली हवा शोषून घ्यायला कारखान्यातच तो थर देतात. मान फुटून हवा आत शिरली की तोच थर पांढरा पडतो. त्यानं आमच्या ट्यूबची उरलेली काच दाखवली. चुना फासल्यासारखी पांढरी झाली होती. ‘फुस्स’ आवाज हवा आत जाण्याचा होता.

पारा जुन्या टीव्हीत नसतोच. ट्यूबलाइटमध्ये असतो, सीएफएलमध्ये असतो, तापाच्या जुन्या थर्मामीटरमध्ये असतो, तोही अगदी थोडा. पाऱ्याचा लाल पदार्थ म्हणाल तर आपला हिंगूळ आहे, आणि त्याला कोणी लाखो रुपये देत नाही. हे ज्याला ‘लाल पारा’ म्हणतात ती जगभर फिरलेली अफवा आहे. २००९ मध्ये सौदी अरेबियात हाच पारा जुन्या शिलाई मशीनमध्ये असतो म्हणून लोकांनी मशिनी भलत्याच भावानं घेतल्या. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं २००४ मध्येच सांगितलं होतं की असा पदार्थ नाही.

हे वाचून कोणी घरचा टीव्ही स्वतः उघडून पाहायला जाऊ नका. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये झटका देण्याइतकी वीज राहते, आणि काचेत शिसं असतं.

मी तक्रार दिली आहे. पण मोबाइलवरून पाठवलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासात फोन करायला हवा होता. मी पाच दिवस लाजेनं गप्प बसलो. तेवढ्यात त्या खात्यातून रक्कम पुढं निघून गेली. रोख दिलेल्या पैशाचा तर काही पुरावाच नाही. तुमचं असं झालं असेल तर लोक काय म्हणतील हा विचार बाजूला ठेवा आणि आधी फोन लावा. पावती, नंबर, गाडीचा फोटो, जे असेल ते जपा.

मेकॅनिक वीस इंची ट्यूब शोधतो आहे. दिग्रस, पुसदच्या भंगारवाल्यांकडं सांगून ठेवलं आहे. बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. संध्याकाळी सातला ते अजूनही त्या खुर्चीवर येऊन बसतात, शटर मात्र सरकवत नाहीत.

मागच्या आठवड्यात मावशीच्या गावात दोघं येऊन ‘शटरवाला चालू टीव्ही’ विचारून गेले. मावशीनं मला फोन केला. मी फुटक्या ट्यूबचा मानेकडचा तुकडा पिशवीत घालून गेलो आणि ग्रामपंचायतीसमोर बसलेल्या सगळ्यांना दाखवला. तो तुकडा मी टाकलेला नाही. ज्याला पाहायचा असेल त्यानं घरी यावं.