वापरलेली अबार्थ पुंटो: घेण्याआधी ऐका, मग चालवा

रांजणगावात बनलेली, 2015 साली आलेली फियाटची ही गाडी. 1.4 लिटरचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, 145 पीएस ताकद, 212 एनएम टॉर्क (ओढण्याचा जोर), पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. टर्बोने जोर धरला की गाडी अशी काही सुटते की या किमतीत दुसरं काही डोळ्यासमोर येत नाही.

इंजिन पूर्ण थंड असतानाच गाडी बघायला जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. स्टार्ट करताच बॉनेटखाली टिकटिक आली आणि गरम झाल्यावर विरली, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनमधून जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या धातूच्या भागाला, तडा गेल्याचा संशय धरा. तडा इंजिन थंड असताना उघडा राहतो, गरम होऊन धातू फुगला की मिटतो. टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा) बदलल्याचं बिल नसेल, तर किलोमीटर कितीही कमी असोत, घेतल्या घेतल्या बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदला. मजुरी एकदाच पडते. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिनच उघडावं लागू शकतं.

इंजिनचे बरेच पार्ट फियाटच्याच लिनिया टी-जेट या गाडीशी जुळतात, हा मोठा आधार. बंपर, स्कर्टिंग (बॉडीच्या खालच्या कडेच्या पट्ट्या) मात्र शोधत फिरावं लागतं, म्हणून ठोकलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी नकोच.