फुजी जीएसडब्ल्यू ६९० थ्री: मसाई पठारासाठी लय भारी, पण...

सेकंडहँड घेतला हा मोठ्या निगेटिव्हचा फिल्म कॅमेरा, आणि आकार बघून मित्र म्हणाला भावा हे काय, रेंजफाइंडर (लेन्समधनं नाही, वेगळ्या खिडकीतनं बघून फोकस करायचा कॅमेरा) आहे का वीट. पण पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर पावसाळ्यात ढग खाली उतरलेले असतात तेव्हा ही ६५ एमएमची लेन्स जे काय पकडते ना, नादखुळा! नेहमीच्या ३५ एमएम फिल्मच्या हिशोबात साधारण २८ एमएमची वाइड, पण निगेटिव्ह पाचपटीहून मोठी, त्यामुळं गवताची पाती न् पाती दिसते. बॅटरी नाही, उजेड मोजायचा मीटर नाही, सगळं मेकॅनिकल, म्हणून लाइट मीटर वेगळा ठेवा नाहीतर मोबाईलचं ॲप. १२० च्या फिल्म रोलवर फक्त ८ फोटो मिळतात, त्यामुळं रंकाळ्यावर संध्याकाळी उगाच खटाखट मारत बसायचं नाही.

आता वैताग. लेन्सचं हूड (आडवा उजेड अडवणारी पुढची कडा) आत ढकललं की ॲपर्चर आणि शटरच्या रिंगा त्याच्याखाली झाकतात, हे कुणी डिझाइन केलं देव जाणे. बल्ब मोड (बटण दाबून धरलं तेवढाच वेळ शटर उघडं) नाही, टी आहे (एकदा दाबलं की शटर उघडंच राहतं), म्हणजे लाँग एक्स्पोजर संपवायला शटरची रिंग फिरवा नाहीतर फिल्म पुढं ओढा, कॅमेरा हलायची भीती, मी तर आधी लेन्ससमोर टोपी धरतो. ग्रॅज्युएटेड फिल्टर (अर्धा गडद, अर्धा साफ) पण अंदाजानंच लावायचा, कारण व्ह्यूफाइंडर लेन्समधनं बघतच नाही.

घेताना बूड बघा, तिथं काउंटर असतो, किती वापरलाय ते कळतं. आणि झूम पाहिजे असेल तर ह्याच्या नादाला लागू नका.