पैसे वरच्या डेकचे, केबिन तळातली

यांच्या निवृत्तीचे पैसे आले तेव्हाच ठरलं होतं, एकदा समुद्रातून फिरायचं, पण हजारो माणसांच्या जहाजावरून नाही. क्रोएशियात स्प्लिट ते दुब्रोव्निक अशी चाळीसेक प्रवाशांची छोटी जहाजं जातात. दुपारी समुद्रात पोहायला थांबतात, रात्री बेटाच्या बंदरात. पुण्यातला एजंट म्हणाला, "काकू, वरच्या डेकची केबिन आहे, खिडकी उघडली की समुद्र. जेवणखाण सगळं यातच." विमान आणि व्हिसा धरून दोघांचे ६ लाख ४० हजार, वर ५ टक्के टीसीएसचे ३२ हजार; हा कर परदेशी सहलीवर एजंटाने घेऊन आपल्या नावाने सरकारात भरायचा असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये निघालो.

स्प्लिटच्या धक्क्यावर आमच्या नावाचं जहाज भलतंच निघालं. केबिन तळाला, पाण्यालगत एक गोल काच, तीही न उघडणारी. यांचे गुडघे दुखतात, आणि जिना शिडीसारखा उभा. मी चिडून बोलले, तेव्हा जहाजाच्या मॅनेजर बाईंनी आमच्या बुकिंगचा कागदच समोर ठेवला. एजंटाने पहिल्यापासून हीच, सर्वांत स्वस्त केबिन घेतली होती.

जेवणखाण म्हणजे नाश्ता आणि दुपारचं जेवण. रात्री बंदरात उतरून आपल्या खर्चाने जेवायचं, ही या जहाजांची नेहमीचीच पद्धत; आम्हाला कुणी सांगितली नव्हती. बंदराचा कर जहाजावर रोख भरला. म्ल्येत बेटावरच्या राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट वेगळं. ह्वार बेटाच्या बंदरात जहाजं एकमेकांना खेटून बांधली होती, काचेतून रात्रभर शेजारच्या जहाजाचा पत्रा दिसत होता. दुब्रोव्निकला, एजंटाच्या शब्दांत, जुन्या शहराच्या "तटबंदीच्या पायाशी" उतरायचं होतं. उतरलो ग्रूझ बंदरात, जुन्या शहरापासून तीनेक किलोमीटर लांब.

खरा धक्का पुढच्या वर्षी रिटर्न भरताना बसला. आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणाऱ्या फॉर्म २६एएसमध्ये ते ३२ हजार नव्हतेच. एजंटाने आमच्याकडून कर घेतला, सरकारजमा केलाच नाही. "काका, पोर्टलला वेळ लागतो," म्हणत राहिला, मग फोन उचलेनासा झाला.

कृपा करून शेवटचा हप्ता देण्याआधी जहाजाकडून आलेलं बुकिंग मागा: जहाजाचं नाव, डेक, केबिन क्रमांक आणि तुमची नावं असलेलं. करारात "किंवा तत्सम" असे शब्द दिसले, म्हणजे ठरलेल्याऐवजी दुसरंच जहाज किंवा केबिन द्यायची सोय दिसली, तर तिथेच थांबा. टीसीएस घेतला असेल तर तो भरल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. फसलात तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. मॅनेजर बाईंनी निघताना आमच्या बुकिंगची प्रत सही-शिक्क्यानिशी हातात दिली होती, तीच तक्रारीला जोडली आहे.