रोजचे पाच प्रश्न आणि त्याखालचे टिपण

जगातील सर्वांत मोठे वाळवंट कोणते, या प्रश्नाला मी क्षणभरही न थांबता ‘सहारा’ हे उत्तर दिले आणि ते चुकले. वाळवंट ठरते ते वाळूवरून किंवा उष्णतेवरून नव्हे, तर पाऊस आणि हिम किती कमी पडते यावरून. त्या कसोटीवर सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचा अंटार्क्टिका पहिला येतो आणि सुमारे ९२ लाख चौरस किलोमीटरचा सहारा केवळ उष्ण वाळवंटांमध्ये पहिला ठरतो. या रोजच्या प्रश्नमंजुषेतला माझा तो पहिला दिवस होता. २०२३ च्या अखेरीस मी तिची वर्गणी भरली आणि तेव्हापासून क्वचितच एखादा दिवस चुकवला आहे. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे म्हणायचे आहे ते या स्वरूपाविषयी आहे आणि तशा सेवा आता अनेक आहेत.

सकाळी फोनवर पाच प्रश्न येतात. प्रत्येकाला चार पर्याय असतात, त्यांतील एक प्रश्न त्या दिवसांतल्या बातमीशी जोडलेला असतो आणि शेवटी त्याच बातमीवर प्रश्नकर्त्याचे चार-पाच परिच्छेदांचे टिपण असते. पाचही उत्तरे नोंदवल्याशिवाय टिपण उघडत नाही, आणि हा नियम मला या सेवेतील सर्वांत मोलाचा वाटतो. आधी उत्तर द्यावे लागले की माहिती अधिक पक्की बसते, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसले होते. एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते; मात्र आठवड्यानंतर, उतारा एकदा वाचून तो स्मरणातून लिहून काढणाऱ्यांना अधिक आठवले. त्याही आधी, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले होते की, जी चूक माणूस पूर्ण खात्रीने करतो, ती दुरुस्त करून दिल्यावर दुरुस्ती अधिक चांगली लक्षात राहते. माझ्या बाबतीत सहाराचे नेमके तेच झाले. त्याच दिवशी बरोबर आलेली चार उत्तरे कशाची होती, ते आज सांगता येणार नाही.

प्रश्न आणि टिपण एकमेकांना कसे उपयोगी पडतात, हे मला व्हॉयेजरच्या वेळी कळले. नोव्हेंबर २०२३ पासून व्हॉयेजर-१ या नासाच्या अंतराळयानाकडून येणारी माहिती निरर्थक झाली होती आणि एप्रिल २०२४ मध्ये ती पुन्हा वाचता येऊ लागली. त्या बातमीच्या दिवशीचा प्रश्न होता : दोन व्हॉयेजर यानांपैकी आधी कोणते सुटले? क्रमांक एक आधी गेला असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात व्हॉयेजर-२ हे २० ऑगस्ट १९७७ रोजी निघाले आणि व्हॉयेजर-१ ५ सप्टेंबरला. पण व्हॉयेजर-१ चा मार्ग जवळचा आणि वेग अधिक असल्याने त्याने त्याच वर्षीच्या डिसेंबरात व्हॉयेजर-२ ला मागे टाकले. या उत्तराने उत्सुकता जागी झाल्यावर टिपण उघडले. यानावरील संगणकाच्या स्मृतीची एक चिप बिघडली होती. तिच्यावरच्या आज्ञावलीचा भाग एकसंध मावेल अशी दुसरी जागा शिल्लक नव्हती, म्हणून अभियंत्यांनी त्याचे तुकडे करून ते स्मृतीत जिथे जागा मिळेल तिथे ठेवले आणि त्यांच्यातले दुवे नव्याने जुळवले. संदेश यानापर्यंत पोहोचायला तेव्हा साडेबावीस तास लागत आणि उत्तर यायला तितकेच. म्हणजे केलेली दुरुस्ती लागू पडली की नाही, हे कळण्यासाठी प्रत्येक वेळी जवळजवळ दोन दिवस वाट पाहायची. शेवटच्या परिच्छेदात प्रश्नकर्त्याने एवढेच म्हटले होते की, ज्यांनी ती आज्ञावली मुळात लिहिली त्यांच्यापैकी अनेक जण आता हयात नाहीत, आणि त्यांचे जुने कागद वाचून तिचा अर्थ लावणाऱ्यांच्या कामाची आपण पुरेशी दखल घेत नाही. या मताशी मी पूर्णपणे सहमत आहे. बातमी मी आदल्या दिवशीच वाचली होती, पण ती समजली त्या टिपणामुळे.

सुएझ कालव्याच्या टिपणाबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण या सेवेची सचोटी मला तिथे दिसली. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागल्यावर मोठ्या कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून पाठवायला सुरुवात केली, त्या दिवसांतला हा प्रश्न. जून १९६७ मध्ये युद्धामुळे कालवा बंद झाला, तेव्हा त्यात किती जहाजे अडकून पडली? उत्तर चौदा असे दिले होते. टिपणात त्या जहाजांची कहाणी होती : कालवा जून १९७५ मध्ये पुन्हा खुला होईपर्यंत आठ वर्षे ती जागची हलली नाहीत, वाऱ्याने येणारी वाळू बसून बसून त्यांना ‘पिवळा ताफा’ हे नाव पडले, खलाशांनी स्वतःची टपाल तिकिटे काढली आणि १९६८ मध्ये स्वतःचे क्रीडासामनेही भरवले. कालवा बंद राहिल्याने लांबच्या मार्गावर परवडतील अशी प्रचंड तेलवाहू जहाजे बांधण्याला कशी चालना मिळाली, हेही त्यात नीट उलगडले होते. दुसऱ्या दिवशी मात्र अगदी वर, पहिल्या प्रश्नाच्याही आधी, दुरुस्ती छापलेली होती : चौदा जहाजे कालव्याच्या वाटेवरील ग्रेट बिटर सरोवरात होती हे खरे, परंतु पंधरावे त्याच वाटेवरील टिमसाह सरोवरात अडकले होते, म्हणून योग्य उत्तर पंधरा, ज्यांनी पंधरा हे उत्तर दिले होते, त्यांचे गुण वाढवण्यात आले आहेत. चूक कोणीही करतो, पण ती कालच्याइतक्याच मोठ्या अक्षरात आणि कालच्याच वाचकांसमोर मान्य करणारे मला फार थोडे भेटले आहेत.

उत्तरासोबत तारीख देण्याची पद्धतही तितकीच चांगली आहे. ग्रहांची संख्या आठ असे नुसते न लिहिता ‘२४ ऑगस्ट २००६ पासून’ असे लिहिलेले असते; एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर असे सांगताना ती डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाली, हेही असते. ज्ञान म्हणून आपण जे पाठ केलेले असते त्यालाही मुदत असते, हे अशा नोंदींमधून आपोआप ध्यानात येते.

हीच काळजी बातमीवरच्या प्रश्नांत नेहमी घेतली जात नाही, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे. एका मोठ्या भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी मृतांचा आकडा विचारण्यात आला. चार पर्याय समोर होते आणि त्यांतला एक ‘बरोबर’ होता. लोक अजून ढिगाऱ्याखाली होते, संध्याकाळपर्यंत तो आकडा बदलला, आणि सकाळी माझ्या उत्तराभोवती उमटलेला हिरवा रंग मला दिवसभर डाचत राहिला. इथे असभ्यपणा तर आहेच, पण स्वरूपाचीही गल्लत आहे. चार पर्यायांचा प्रश्न त्याच गोष्टीवर काढावा जिचे उत्तर ठरून गेलेले आहे. जे अजून घडते आहे त्यासाठी टिपण आहे, तिथे ‘सध्या इतकेच कळले आहे’ असे म्हणायला जागा असते. त्या दिवशी त्याच भूप्रदेशातील भूपट्टांविषयी किंवा भूकंपमापनाच्या पद्धतीविषयी विचारले असते, तर वाचकाच्या हाती बातमी समजून घेण्याचे साधन आले असते. मी तसे कळवले. उत्तर आले नाही, मात्र त्यानंतर असा प्रश्न पुन्हा आलेला नाही.

दुसरी तक्रार थोडी सूक्ष्म आहे. ‘पुढीलपैकी सर्वांत अदूरदर्शी निर्णय कोणता?’ अशा धर्तीचे प्रश्न महिन्यातून एकदा-दोनदा येतात. टिपणातली मते मला हवीच असतात, अगदी न पटणारीसुद्धा. सुरक्षा परिषदेच्या विस्तारावरचे टिपण मला अजिबात पटले नव्हते, पण त्यातूनच परिषद १९६५ मध्ये अकरा सदस्यांवरून पंधरावर कशी गेली हे कळले आणि माझे म्हणणे मला अधिक नेमके मांडता आले. टिपणातल्या मताशी वाद घालता येतो. तेच मत प्रश्नाच्या बरोबर उत्तरात घातले की असहमत वाचकाला सरळ शून्य गुण मिळतात.

गुणतक्ता आणि सलग दिवसांची मोजणी मी पहिल्याच आठवड्यात बंद केली. तशी सोय आहे. जुने प्रश्न विषयवार शोधता येत नाहीत, ही मोठीच गैरसोय आहे. व्हॉयेजरचे टिपण पुन्हा वाचण्यासाठी मला तारखांच्या यादीतून महिनेच्या महिने मागे जावे लागले.

वर्गणी मी या वर्षीही भरली आहे. प्रश्न सकाळीच सोडवते आणि टिपण संध्याकाळी, दिवसभराच्या बातम्या ऐकून झाल्यावर उघडते. सकाळी लिहिलेले वाक्य तोपर्यंत टिकले आहे का, हे तेव्हा पाहता येते, आणि बहुतेक दिवशी ते टिकलेले असते.