इंडिया कोड: कंपनीतल्या वकिलाला कितपत पुरतं?

लीगल विभागात नवीन लागलेल्या वकिलाने पगारातून महागड्या डेटाबेसची वर्गणी भरण्याआधी इंडिया कोड नीट वापरायला शिकावं. सरकारी संकेतस्थळ आहे, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. केंद्राचे आणि राज्यांचे कायदे एकाच जागी सापडतात. न्यायनिवाडे मात्र इथे शोधू नका.

समजा, खरेदी विभागाला पुरवठादाराच्या करारात 90 दिवसांची उधारी हवी आहे. 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा उघडा. कलम 15 म्हणतं, लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या वर मुदत नाही. कलम 16 प्रमाणे उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय कलम 24 मुळे या तरतुदी इतर कायद्यांना भारी पडतात. इथपर्यंतचं काम दहा मिनिटांचं.

पण एवढ्यावर खरेदीवाल्यांना मेल टाकू नका. कलम 2 मधली 'पुरवठादार' ही व्याख्या वाचा: सूक्ष्म आणि लघु उद्योग त्यात येतात, मध्यम येत नाहीत. मग समोरचा लघु आहे का, हे बघायला कलम 7 उघडलं की नवखा हमखास फसतो. तिथे अजून 2006 चे आकडे आहेत, लघु उत्पादकाला यंत्रसामग्रीत 5 कोटींची मर्यादा. प्रत्यक्षात मर्यादा अधिसूचनेने बदलल्या. 1 एप्रिल 2025 पासून लघु उद्योगाला गुंतवणूक 25 कोटी आणि उलाढाल 100 कोटींपर्यंत चालते. म्हणून पुरवठादाराचं उद्यम प्रमाणपत्र (अशा उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा दाखला) मागवाच.

कलमाखाली नियम, अधिसूचना, परिपत्रकं असे टॅब आहेत. सोय उत्तम, पण टॅब रिकामा दिसला म्हणजे अधिसूचनाच नाही, असं धरू नका. राजपत्र आणि संबंधित मंत्रालयाचं संकेतस्थळ तपासा. राज्याच्या कायद्यांना तर हे जास्तच लागू. महाराष्ट्रात 100 रुपयांच्या स्टॅम्पवर होणारे बरेच दस्त ऑक्टोबर 2024 पासून 500 वर गेले. जुनी पीडीएफ जपून ठेवणाऱ्याचा करार कमी मुद्रांकाचा ठरतो.

मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या पीडीएफमधल्या तळटीपा: कोणतं कलम कधी लागू झालं, ते तिथे कळतं. कंपनी कायदा 2013 ची 98 कलमं 12 सप्टेंबर 2013 ला लागू झाली, मोठा भाग 1 एप्रिल 2014 ला. जुन्या व्यवहाराचा वाद आला की आधी ही तारीख लागते. मत देताना कलमाशेजारी अधिसूचनेचा क्रमांक आणि मजकूर पाहिल्याची तारीख लिहून ठेवा.