ठाण्याच्या नौपाड्यातला हिब्रू-अरबी वर्ग: उच्चारांची तयारी उत्तम, बोलींना मात्र उशीर

दर रविवारी सकाळी दीड तास, असे बारा रविवार. फी ४,५०० रुपये. हिब्रू आणि अरबी शेजारी शेजारी ठेवून, तेही देवनागरीतून शिकवतात, आणि वर्गाची खरी कमाई तीच आहे. हिब्रूतलं 'त्सादी' हे अक्षर रोमन लिपीत दोन अक्षरं जोडून कसंबसं दाखवावं लागतं. मराठी माणसाला 'चोर'मधला च म्हणा, एवढं सांगितलं की झालं.

सुरुवात तीन व्यंजनांच्या धातूंपासून (ह-स-ब अशा शब्दमुळांपासून) होते. आपला 'हिशोब' अरबी 'हिसाब'वरून आला. हिब्रूत त्याचाच भाऊ 'हेश्बोन', हॉटेलात बिल मागायचा शब्द. अरबीत स असेल तिथे हिब्रूत बऱ्याचदा श येतो: सलाम-शालोम, सना-शाना (वर्ष), लिसान-लाशोन (जीभ). टेंभी नाक्याच्या १८७९ सालच्या 'शार हाशमाईम' सिनेगॉगच्या नावात 'शमाईम' म्हणजे आकाश, अरबीत 'समा'. तिथल्याच 'शार'मध्ये (दार) मुळात एक 'ऐन' (घशातून काढायचं व्यंजन) आहे. आजच्या इस्रायलमध्ये बहुतेक लोक तो उच्चारत नाहीत, जुन्या येमेनी ज्यूंच्या तोंडी तो टिकला.

हा ऐन इथे नीट घोटून घेतात. चष्म्याची काच पुसायला वाफ सोडतो तसा ह काढा, घसा आवळा: हा झाला अरबी 'हा'. त्याच जागी आवाज मिसळला की ऐन. चूक हमखास एकच होते, ह खाकरून ख होतो. मग 'कैफ हालक' (कसे आहात) विचारायला जावं, तर 'कैफ खालक', म्हणजे मामा कसे आहेत, असं होतं. ऐन गाळला तर 'अमल' म्हणजे काम न राहता आशा होते.

तक्रार बोलींबद्दल. हिब्रूच्या परंपरा मुख्यतः उच्चारात वेगळ्या. 'आत्ता'ला इस्रायलभर 'अख्शाव'च. अरबीत शब्दच बदलतात: कैरोत 'दिलवाती', दमास्कसला 'हल्ला', आखातात 'अल्हीन', बगदादला 'हस्सा', मोरोक्कोत 'दाबा'. दोन्हींना सारखंच 'बोलीभेद' म्हणून हा तक्ता थेट नवव्या रविवारी हातात देतात. तोवर सगळी पुस्तकी अरबी. वर्गात निम्मे लोक आखातात नोकरीला निघालेले असताना हे फार उशिरा आहे. त्यांनी तक्ता पहिल्याच दिवशी मागून घ्यावा.

त्यात एक दुरुस्तीही करून घ्या. 'जीम' (ज) या अरबी अक्षरापुढे फक्त ग छापलाय, तो कैरोचा: जमलचा (उंट) गमल. आखातात ग ऐकू आला तर तो बहुधा 'काफ' (क) या अक्षराचा असतो: कहवाचा गहवा, कल्बचा (हृदय) गल्ब. येमेनची राजधानी सना, तिथल्या अरबीतही काफचा ग होतो, आणि तिथल्या ज्यूंच्या हिब्रूतला 'कोफ' (काफचाच भाऊ) हाही ग असाच म्हटला जायचा. दोन्ही भाषा एकाच गावात एकमेकींसारख्या कशा झाल्या, हे याहून सोप्या उदाहरणाने दिसणार नाही; आणि नेमकं तेच तक्त्यात नाही.