सार्वजनिक शौचालय कोणाच्या पैशावर चालवायचे? प्रभागासाठी चार पर्यायांची तुलना

शौचालय बांधायला निधी मिळतो: आमदार निधी, स्वच्छ भारत अभियान, एखाद्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी. अडचण उद्घाटनानंतर सुरू होते. सहा महिन्यांत मोटर जळते, तोट्या गायब होतात आणि महिलांच्या बाजूला कुलूप लागते. तुमच्या प्रभाग समितीसमोर किंवा बाजार समितीसमोर नव्या शौचालयाचा प्रस्ताव असेल, तर आधी रोजचा खर्च मांडा आणि मग तो कोण देणार ते ठरवा.

बाजाराजवळचे दहा सीटचे, सकाळी सहा ते रात्री दहा चालणारे शौचालय धरू. दिवसाला ८०० माणसे येतात असे माना. दोन पाळ्या, महिलांच्या बाजूला महिला कामगार आणि साप्ताहिक सुटीचा बदली माणूस मिळून पाच जण लागतात. प्रत्येकी १५,००० रुपये धरले तरी ७५,००० झाले. तुमच्या भागातले किमान वेतन याहून जास्त असेल तर तोच आकडा घ्या. माणशी सरासरी ८ लिटर आणि धुण्याचे हजारभर असे दिवसाला ७,५०० लिटर पाणी लागते. नळाचे पाणी २५ रुपये हजार लिटर दराने मिळाले तर महिन्याला सुमारे ६,००० रुपये. वीज ६,०००, साबण-फिनेल-झाडू १०,००० आणि दुरुस्तीसाठी राखीव ८,०००. एकूण १,०५,००० रुपये. हे गृहीत आकडे आहेत, पण कोणत्याही शहरात सर्वांत मोठा वाटा माणसांच्या पगाराचाच निघेल. नळजोडणी नसेल तर मात्र हिशेब पार बदलतो: महिन्याला दहा हजार लिटरचे २२-२३ टँकर लागतात.

पैसे द्या आणि वापरा

बिंदेश्वर पाठक यांच्या सुलभ संस्थेने १९७४ मध्ये पाटण्यात ही पद्धत सुरू केली आणि ती देशभर पसरली. तिचा गुण खरा आहे. दारात माणूस बसलेला असतो, आणि माणूस असला की शौचालय उघडे राहते, पाणी संपले की लगेच कळते. स्टेशन आणि एसटी स्थानकावर, जिथे येणारा एकदाच येतो, तिथे ही पद्धत चालते.

आता वरच्या हिशेबात बसवून पाहा. पाच रुपये दराने १,०५,००० वसूल व्हायला दिवसाला पैसे देणारे ७०० जण हवेत. पण पुरुषांची मुतारी बहुतेक ठिकाणी मोफत असते. ८०० पैकी निम्म्यांनी पैसे दिले तर जमा होतात ६०,०००. उरलेले ४५,००० ठेकेदार कुठून काढतो? पाण्यातून, साबणातून, कामगाराच्या पगारातून. आणि ज्या बाईला फक्त लघवीला जायचे आहे तिच्याकडूनही शौचाचे पैसे घेऊन. मुंबईत २०११ पासून महिला संघटनांनी ‘राइट टू पी’ (लघवीचा हक्क) मोहीम चालवली ती याच भेदभावाविरुद्ध. भाजी विकणारी बाई दिवसातून तीनदा गेली तर पाच रुपयांप्रमाणे महिन्याला ४५० रुपये होतात. ती पाणी पिणेच कमी करते, आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाचा खर्च पुन्हा तिच्याच माथी येतो. मुतारीचे पैसे घ्यायचेच नाहीत, पुरुषांचे नाहीत तसे बायकांचेही नाहीत, ही अट ज्या करारात नसेल त्यावर सही करू नये.

पालिकेच्या खर्चाने, मोफत

आमच्या मते वर्दळीच्या रस्त्यावर हाच पर्याय योग्य आहे. रस्त्यावरच्या दिव्याचे पैसे आपण चालणाऱ्याकडून घेत नाही. पण पैसे कसे देता यावर सगळे अवलंबून आहे. ठेकेदाराला महिन्याची ठोक रक्कम दिली की लोक जितके कमी येतील तितका त्याचा फायदा. दुपारी चारलाच कडी लावणे हा त्याच्यासाठी सर्वांत स्वस्त स्वच्छतेचा मार्ग ठरतो. म्हणून बिलाचा मोठा भाग, निदान ४० टक्के, अचानक तपासणीला बांधा. तपासणीत पाचच गोष्टी पाहा: प्रत्येक तोटीला पाणी, आतून लागणारी कडी, चालू दिवा, महिलांच्या प्रत्येक सीटजवळ झाकणाची कचरापेटी, आणि वेळेत उघडे दार. यांतली एक जरी नसली तरी त्या दिवसाचे पैसे कापले जावेत. तपासणीत बाजारातल्या दोन महिला विक्रेत्यांना घ्या. निरीक्षक महिन्यातून एकदा येतो, त्या रोज असतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे सफाईचा ठेका एकाला आणि दुरुस्ती दुसऱ्या खात्याकडे. मोटर बंद पडली की सफाईवाला म्हणतो माझे काम नाही, आणि फाइल फिरत राहते. ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती, समजा ५,००० रुपये, त्याच ठेकेदाराने ४८ तासांत करायची, असे लिहून घ्या.

वस्तीची संस्था आणि मासिक पास

हा पर्याय रस्त्यासाठी नाही. ज्यांच्या घरात संडास नाही अशा वस्तीसाठी आहे. पाच माणसांचे कुटुंब रोज एकदा गेले तरी पाच रुपयांप्रमाणे महिन्याला ७५० होतात, म्हणून तिथे पासच हवा. मुंबईत जागतिक बँकेच्या मदतीने नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रमात रहिवाशांनी आधी संस्था स्थापून वर्गणी भरायची, मग पालिकेने बांधायचे, अशी रीत होती. अनेक इमारतींत केअरटेकरची खोलीही होती. माणूस तिथेच राहत असला की रात्रीही दार उघडे राहते.

हे बिघडते दोन ठिकाणी. पहिले, संस्था दोन-चार जणांच्या हातात जाते आणि हिशेब कोणी विचारत नाही. जमाखर्च दर महिन्याला दारावर लावण्याची अट ठेवा. दुसरे, मैला टाकी आणि स्लॅब. पासच्या पैशात फिनेल येते, स्लॅब येत नाही. टाकीचा उपसा आणि बांधकामाची मोठी दुरुस्ती पालिकेकडेच ठेवा. वस्तीतली टाकी लवकर भरते, तेव्हा दोन-तीन वर्षे थांबू नका. गाळाची पातळी दर सहा महिन्यांनी पाहा. उपसा यंत्रानेच व्हायला हवा, सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणे हाताने मैला उपसण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे उपसा करणारी गाडी टाकीपर्यंत पोचेल का हे जागा ठरवतानाच पाहा. तीन फुटी बोळाच्या टोकाला बांधलेली टाकी पुढे जीवघेणी ठरते.

जाहिरात किंवा कंपनीचा पैसा

भिंतीवर जाहिरात, आत शौचालय. जाहिरातदाराला मोठा रस्ता हवा असतो, मासळी बाजाराची मागची बाजू नको असते. म्हणून हा पैसा जागा ठरवू लागला की गरज मागे पडते. सीएसआरमध्ये मशीन आणि फरशी चकचकीत येते, पण चालवण्याचा पैसा किती वर्षांचा आहे हे विचारा. पाच वर्षांहून कमी असेल तर पुढची तरतूद प्रभागाच्या अंदाजपत्रकात आधी दाखवा. जाहिरातीचे उत्पन्न पालिकेच्या पूरक खर्चाला वापरावे, त्यावर विसंबू नये.

हॉटेले आणि पेट्रोलपंपांची शौचालये सर्वांना खुली करण्याचे प्रयोगही झाले आहेत. दक्षिण दिल्ली महापालिकेने २०१७ मध्ये उपाहारगृहांना पाच रुपयांपर्यंत शुल्क घेऊन तशी मुभा दिली. मात्र कळकट कपड्यांतल्या मजुराला दारातूनच परत पाठवले जाते, हे कागदावर दिसत नाही. जर्मनीतल्या आलेन शहरातून सुरू झालेल्या योजनेत पालिका दुकानदाराला पैसे देते आणि दारावर ठळक खूण लावते. आपल्याकडे करायचे तर तसेच करावे लागेल.

निर्णय घेताना

बाजार, चौक, रुग्णालयाचा परिसर: मोफत, तपासणीला बांधलेले बिल. स्टेशन, एसटी: मुतारी मोफत, शौच आणि अंघोळीला शुल्क, तूट पालिकेची. वस्ती: पास, आणि टाकी पालिकेची. शुल्क घेणाऱ्याने त्यावर जीएसटी आकारला तर नकार द्या. सार्वजनिक शौचालयाची सेवा जीएसटीतून वगळलेली आहे.

सीटची वाटणी अर्धी-अर्धी करू नका. सामुदायिक शौचालयासाठी स्वच्छ भारतचा निकष ३५ पुरुषांमागे एक आणि २५ महिलांमागे एक असा आहे, आणि पुरुषांना मुताऱ्या वेगळ्या मिळतात. दहापैकी सहा महिलांच्या असाव्यात, त्यांतली एक चाकाची खुर्ची आत वळेल इतकी मोठी. दुर्गंधीसाठी ॲसिड ओतू नका. ते फरशीचे सांधे खाते आणि मूत्र आत मुरते. जमिनीला मीटरला दोन सेंटिमीटर उतार आणि ट्रॅपमध्ये (वास अडवणाऱ्या नळीच्या वळणात) ५० मिलिमीटर पाण्याचा थर असला की निम्मा वास जातो.

पैसा अपुरा असेल तर दहाऐवजी सहा सीट बांधा, त्यांतल्या चार महिलांना द्या आणि पुरुषांसाठी मुताऱ्या वाढवा. दोन्ही पाळ्यांचे कामगार मात्र कापू नका, आणि नळजोडणीचा अर्ज मंजूर झाल्याशिवाय पाया खणू देऊ नका.